सुमतीमावशीचे बिचारे साहेब

मोठ्या सरकारी अधिकाऱ्यांची कीव करणारं अख्ख्या रत्नागिरीत एकच माणूस आहे. ते म्हणजे मिरकरवाड्याच्या जेटीवर मासे विकणारी सुमतीमावशी. साहेब लोकांचे पगार वाढल्याची बातमी आली की आपण दातओठ खातो. मावशी चुकचुकते. "बिचारा! केवढा हा पगार!"

मी कचेरीत अव्वल कारकून. आमचे मोठे साहेब माझ्या मुलाच्या वयाचे. टिपणी मी लिहायची, खाली सही त्यांनी करायची, आणि पगार बघाल तर माझ्या कितीतरी पट. माझा जळफळाट होतो, खोटं कशाला बोलू? बंगल्यावरून होतो, गाडीवरून होतो, पण सगळ्यात जास्त होतो तो सुरमईवरून. टोपलीतली सर्वांत ताजी सुरमई ओल्या फडक्याखाली साहेबांसाठी झाकलेली असते. मी नुसतं फडकं उचललं तरी मावशी हात झटकते.

"ती साहेबाची. तुमी बांगडे न्या, भाऊ."

साहेबांचा स्वयंपाकी आला की हिचा पहिला प्रश्न ठरलेला, "साहेब जेवतो ना रे नीट?" इतकी चौकशी माझी माझ्या सासरीही कधी झाली नाही.

एकदा न राहवून मी म्हटलं, "मावशी, सही तर करायची असते. त्याला एवढे पैसे?"

"होडीवर खलाशाला वाटा किती?"

"एक."

"नि होडी चालवणाऱ्या तांडेलाला?"

"दोन."

"जाळं तर समदेच ओढतात. मग त्याला दुसरा वाटा कशाचा?"

"अनुभवाचा," मी म्हणालो. "अकलेचा. वयाचा." मावशी प्रत्येक उत्तराला नकारार्थी मान हलवत राहिली आणि शेवटी काही न सांगताच पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. मी नापास झालो, एवढंच मला कळलं.

गेल्या आठवड्यात साहेब रजेवर गेले. मी पिशवी घेऊन भल्या सकाळी जेटीवर हजर. आज तरी सुरमई माझी! मावशीने फडकं काढलं, सुरमई उचलली आणि स्वतःच्याच पिशवीत टाकली.

"आज माज्या साहेबाला."

"तुझा कुठला साहेब गं?" मी चिडूनच विचारलं.

"घरवाला. तांडेल होता ना." ती पिशवीचं तोंड बांधत राहिली. "वादळात एक खलाशी गेला त्याच्या होडीवरना. पोरगाच होता. बाकीचे खलाशी बंदराला लागले नि आपापल्या घरी गेले. पोराच्या आयशीला सांगायला कोण गेला, भाऊ? दोन वाट्यांवाला. दुसरा वाटा त्या सांगण्याचाच असतो."

मी माझी पिशवी खाली ठेवली.

"तवापासून दर्यात गेला नाय. पानात मासा घेत नाय. सुरमई लय आवडायची त्याला."

"आज खाईल?"

"नाय खायचा. पण कुणी विचारायला नको?"

मी बांगडे घेतले.

सोमवारी साहेब रजेवरून आले. दुपार टळली तरी खोलीबाहेर माणसांची रीघ होती. त्यांच्या पगाराचा हेवा मला अजून वाटतो, तो काही जायचा नाही. पण सहीची फाईल पुढे ठेवताना तोंडातून निघून गेलं, "साहेब, जेवलात?"