गावंडे काकांना ‘टेक केअर’ म्हणू नका

गावंडे काकांचा निरोप घेताना जो ‘टेक केअर’ म्हणाला, त्याचं काही खरं नाही. काका त्याचं मनगटच धरतात. “थांब! केअर घ्या म्हणते ना तू? कोण घेईन? मीच? मंग तू कायले आला होता?”

वैताग आहे नुसता! रायपूरच्या शंकर नगरात त्यांची आणि आमची भिंत एक. माणूस वर्ध्याकडचा, रेल्वेतून रिटायर झालेला, एकटा. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. सकाळपासून फाटकाशी खुर्ची टाकून बसतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्याशी भांडतात. भांडणं मिटवायची कोणी? मी. इकडे माझं दूध उतू जातं त्याचं काय?

त्यांच्या मते हा रोग राजधानीबरोबर आला. “पहिले इथं लोकं निघताना ‘येतो’ म्हणत. रायपूर राजधानी झालं, सायबं आले, अन् जो तो टेक केअर! म्हणजे काय, तुमचं तुम्ही पाहा, आम्ही चाललो!”

त्यांच्याच वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारा अमोल मंत्रालयात नोकरीला आहे. घरचा मराठी, पण उत्तर देणार हिंदीत. एकदा बिचारा स्कूटर सुरू करता करता “टेक केअर, अंकल” बोलून गेला. काकांनी हँडलच पकडलं.

“गुडघा दुखून राहिला माझा. घे केअर. जा, तेल आण.”

“अंकल, वो तो ऐसेही बोल दिया.”

“ऐसेच? काहून ऐसेच?”

साहेब ऑफिस सोडून तेल आणायला गेले. समता कॉलनीतल्या डॉक्टरनं चिठ्ठी लिहून ‘टेक केअर’ म्हटलं, तर काका उठता उठता परत खुर्चीत बसले. “केअर मीच घ्यायची, तर तुमच्याकडं कायले आलो जी?” बाहेर पेशंट ताटकळले, आणि फोन कोणाला आला? मलाच!

एक दिवस मीच भडकले. “अहो काका, चांगलंच म्हणतात ना लोक! काळजीनंच म्हणतात.”

“काळजी घ्या म्हणणं सोपं आहे वं बाई. येतो म्हटलं का यावं लागते.” मग खुर्चीत ताठ बसून म्हणाले, “माझी पोरगी मंजू येऊन राहिली बंगलोरहून. पाहजो तू. ‘येतो’ म्हटल्याबिगर पोट्टी उंबरठा ओलांडत नाही.”

हे त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं. मंजू आली, बऱ्याच दिवसांनी आली, आणि आल्यापासून फोनलाच चिकटलेली. निघायच्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाशी उभे. मी होते, ऑफिसला निघालेला अमोलही थांबला. मंजूनं कानाचा फोन क्षणभर खाली घेतला, काकांना घाईघाईनं मिठी मारली आणि टॅक्सीत बसली.

“टेक केअर, बाबा!”

दार लागलं. आता काका टॅक्सी अडवणार, असं मला वाटलं. त्यांचा हात पुढे गेलाही. काचेला टेकला आणि मागे आला. टॅक्सी वळणावरून दिसेनाशी झाली.

असा संताप आला मला त्या पोरीचा! एक शब्द, बाई, एकच शब्द होता. तेवढाही जड झाला तुला?

काका माझ्याकडे वळले. “येतो म्हणाली ना पोट्टी?”

एरवी गल्ली गाजवणारी मी, पदर चाचपत उभी.

“हव, काका,” अमोल म्हणाला. मराठीत. “येतो म्हणाली. मी ऐकलं.”

काकांनी मान हलवली आणि खुर्चीत बसले. अमोलनं स्कूटर सुरू केली, मग पुन्हा बंद केली.

“मी पण येतो, काका.”

“ये,” काका म्हणाले, आणि वळणाकडेच बघत राहिले.