प्रमुख पाहुणा मित्रराष्ट्राचाच

सव्वीस जानेवारीला दिल्लीत परदेशी पाहुणा येतो, मग आपल्या तात्यापाऱ्याच्या गल्लीत काहून येत नाही, असा भोयरकाकांचा सवाल होता. ते चेष्टेत विचारत नसत.

काका रेल्वेतून रिटायर झालेले, माझे घरमालक. नोकरीभर त्यांनी साहेबांच्या दौऱ्यांची सरबराई केली. चहा कोणत्या कपात, हार कोणी घालायचा, सगळं त्यांच्या हातात. नोकरी संपली, पुढे काकू गेल्या. प्रोटोकॉल तेवढा राहिला. गल्लीच्या झेंडावंदनाला ते दरवर्षी मित्रराष्ट्राचा पाहुणा शोधत आणि त्याच्या खुर्चीवर पांढरा टॉवेल अंथरत.

एकदा भनपुरीच्या एका कारखान्यात मशीन बसवायला आलेला जर्मन इंजिनिअर कबूल झाला. आदल्या संध्याकाळी काकांनी त्याला प्रेमाने मिरचीची भजी खाऊ घातली. सकाळी तो आला नाही. "दोन देशाचे संबंध नाही बिघडले," काकांनी माईकवर खुलासा केला, "फक्त पोट बिघडलं."

पुढच्या खेपेला स्टेशनवरून धरून आणलेला गोरापान तरुण इंदूरचा निघाला. काकांनी त्याला चहा पाजला, पण त्या खुर्चीवर बसू दिलं नाही. "प्रोटोकॉल म्हनून काही असते ना जी!"

यंदा तर कोणीच मिळेना. काका रिकाम्या खुर्चीजवळ उभे. मी सहज म्हणाले, "काका, आपला बहादूर आहे की. नेपाळचा."

लोक हसले. काका हसले नाहीत.

"मॅडम, तुमी हे आधी काहून नाही सांगतलं?"

गल्लीचा चौकीदार बहादूर नेहमीप्रमाणे मागे, भिंतीला टेकून उभा होता. काका तडक गेले, त्याचा हात धरून म्हणाले, "चलिए, महोदय."

"सर, मेरी ड्यूटी है..."

"ये भी ड्यूटीच है. पूरा नाम बताइए, अनाउन्स करना है."

"दिलकुमार मगर."

इतकी वर्षं आम्ही ज्याला बहादूर म्हणून हाका मारत होतो, त्याचं नाव ते नव्हतंच. आणि त्याने कधी सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं.

काकांनी दोन लोकशाह्यांच्या मैत्रीवर लांबलचक भाषण केलं. मग माईक पाहुण्यांकडे आला. "मेरे गाँव में अभी बर्फ गिरी होगी," दिलकुमार म्हणाला, झेंड्याला कडक सॅल्यूट ठोकला आणि बसला. टाळ्या मात्र जर्मनीला मिळाल्या नसत्या इतक्या मिळाल्या.

दुपारी माईक परत द्यायला मी काकांकडे गेले. दार उघडंच होतं. जेवणाच्या टेबलावर एरवी पेपरांची चळत असते. आज ती जमिनीवर होती आणि टेबलावर दोन ताटं. काकांनी स्वतः बेसनाच्या पाटोडीचा रस्सा केला होता. ते वाढत होते, दिलकुमार गावाबद्दल सांगत होता, आणि काका चक्क ऐकत होते.

जेवण झालं. दिलकुमारने हात धुतले, टोपी घातली.

"अगले साल फिर बुलाना, सर."

"कल आना ना," काका म्हणाले.

"कल कौन सा दिन है, सर?"

काकांनी खाली बघत ताटं एकात एक ठेवली.

"कोई दिन नहीं है. ऐसेच आ जाना."