लोरीनबाईंची बावीस बोअर

लोरीन स्टबलफील्ड या विधवा बाईंच्या मागच्या दाराला कडी नव्हती. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या कॉटर्स बेंड गावात कडी लावणं म्हणजे शेजाऱ्याच्या तोंडावर थुंकणं, असा जुना समज होता. रोज सकाळी शेजारचा डेल्बर्ट न ठोठावता आत यायचा, खिळ्यावरचा आपला मग काढून कॉफी ओतून घ्यायचा आणि हवामानाला शिव्या द्यायचा. नवरा गेल्यापासून बाई त्या शिव्या ऐकण्यासाठीच उठत.

मग गावात गुन्हा घडला. व्हर्जिल पूलची शिडी अंगणातून नाहीशी झाली. बुधवारी चर्चमधल्या जेवणात मक्याचा पाव सगळ्यांच्या ताटात पडायच्या आत बोलता बोलता शिडीमागे चोरांची एक टोळी उभी राहिली होती, आणि टोळी अर्थातच शहरातून आली होती.

"लोरीन, तुझ्याकडे काय आहे गं?" पाळकांची बायको आर्डिस हिने विचारलं.

"घेवड्याची भाजी आणलीये की."

"अगं बाई, कंबरेला काय आहे विचारतेय!"

बाईंच्या कंबरेला फक्त दुखणं होतं. तेव्हा भाविकांनी आपापले कोट बाजूला करून त्यांना धीर दिला. पाळकांचं पिस्तूल तर बायबलच्या शेजारीच होतं. "एकटी बाई, आणि नुसत्या देवाच्या भरवशावर!" आर्डिस हळहळली.

गेल्याच आठवड्यात सर्दीच्या गोळ्यांसाठी, त्यातून लोक नशेची भुकटी बनवतात म्हणून, औषधवाल्याने बाईंचं ओळखपत्र तपासून सही घेतली होती, त्यामुळे बंदुकीच्या दुकानात त्या धास्तावूनच शिरल्या.

"लहानसं, स्वस्तातलं रिव्हॉल्व्हर दाखव बाबा. बावीस बोअर. हाताला झटका सोसत नाही."

दुकानदार ड्वेन हसला. गल्ल्यापाशी कायम टेकलेली दोन रिकामटेकडी गिऱ्हाइकंही हसली. "बाई, बावीसची गोळी लागली तर चोर मरत नाही, चिडतो."

"मग चिडून जाईल ना निघून?"

एकाने सुचवलं, मोठंच घ्या, मनगट मोडेल पण जीव वाचेल. दुसऱ्याने बायकांसाठी गुलाबी रंगातलं दाखवायला लावलं. बाई बावीसवर अडून बसल्या. तुम्ही फरारी आहात काय, असं सरकारने छापील अर्जात विचारलं. बाईंनी 'नाही' म्हणून खूण केली. ड्वेनने तपासणीसाठी कुठेसा फोन फिरवला, आणि सर्दीच्या गोळ्यांपेक्षा लवकर काम उरकलं.

शनिवारी ड्वेनचा बंदूक चालवण्याचा शिकवणीवर्ग होता. "सांगा लोरीनबाई, दार न ठोठावता घरात शिरतो तो कोण?"

"डेल्बर्ट."

"चूक. तो शत्रू!" वर्गाने टाळ्या वाजवल्या. बाईंनीही वाजवल्या, पण घरी परतताना त्यांना उगाचच कसंसं झालं. आता कडी बसवायला हवी होती. गावात ते काम डेल्बर्टच करायचा, आणि त्याला सांगणार कोणत्या तोंडाने?

सोमवारी सकाळी, कॉफीच्या वेळेच्या बऱ्याच आधी, मागच्या भिंतीला काहीतरी घासल्याचा आवाज आला. बाईंनी रिव्हॉल्व्हर उचललं. दार ढकललं गेलं. न ठोठावता. शिकवणी फळाला आली, बार उडाला आणि खिळ्यावरच्या मगाचे तुकडे झाले.

दारात डेल्बर्ट उभा होता, दोन्ही हातांत ओला पालापाचोळा. "लोरीन! तुझी पन्हळ साफ करत होतो गं! व्हर्जिलची शिडी आणून ठेवली होती, म्हटलं पानं सगळी गळू देत. त्याला सांगायचं तेवढं राहिलं." डेल्बर्ट चर्चला जात नसे आणि सकाळी हवामानापलीकडे कुणाला बोलू देत नसे, त्यामुळे आपण टोळी आहोत हे त्याला कुणी कळवलं नव्हतं.

आता लाज कुणाला वाटावी? कुणालाच वाटली नाही. रविवारी पाळकांनी बाईंच्या प्रसंगावधानाबद्दल देवाचे आभार मानले. ड्वेन म्हणाला, "बघा, मोठं घेतलं असतं तर नेम चुकला नसता." व्हर्जिलने शिडीला साखळी लावली. डेल्बर्टनेही त्याच दुकानातून पंचेचाळीस बोअरचं घेतलं. मग काही दिवस तो फाटकातूनच ओरडे, "लोरीन, मी येतोय! हात वर आहेत!" हात वर करून कॉफी पिता येत नाही. हळूहळू तो यायचा थांबला.

लोरीनबाईंच्या दाराला आता कडी आहे, वर कॅमेरा आहे. त्यांनी नवा मग आणून त्याच खिळ्याला टांगलाय. सकाळी बाई दोघांपुरती कॉफी करतात आणि एकटीपुरतीच पितात. फार वाईट वाटतं त्यांना. पण घर सुरक्षित आहे. कुणी म्हणजे कुणी येत नाही.

वेडी माणसं, बंदुकीपायी शेजार घालवला, असं तुम्ही म्हणाल. जरूर म्हणा. पण परवा न कळवता कुणीतरी तुमची बेल वाजवली, तेव्हा टीव्हीचा आवाज बंद करून, दाराच्या भोकाला डोळा लावून, श्वास रोखून कोण उभं होतं?