वाचू नये असा पासवर्ड

एका जंगलात एक धरण होतं. जंगल कुठलं ते विचारू नका मुलांनो, तिथल्या प्राण्यांनाही ते नकाशात सापडत नाही.

धरणाचा दरवाजा चाक फिरवून उघडावा लागे. ते काम कासवबुवांचं. चाकाला हात लावण्याआधी ते खाली नदीपर्यंत चालत जात आणि हाक देत, "पाणी सोडतोय रे, बाजूला व्हा!" जाऊन येण्यात अर्धा दिवस जाई.

सिंहमहाराजांना हे फारच मागासलेलं वाटलं. त्यांनी दरवाजा मोबाइलवर घेतला. कासवबुवांना शाल आणि नारळ मिळाला. पण महाराजांच्या लक्षात पासवर्ड राहीना. म्हणून तो धरणाच्या भिंतीवर ठळक रंगवला. खाली लिहिलं, 'हा पासवर्ड गुप्त आहे. कोणी वाचू नये. हुकमावरून.'

नदीच्या वाळूत टिटवीची चार अंडी होती. भिंत वाचून ती तडक महाराजांकडे उडाली.

"महाराज, हे तर माकडंसुद्धा वाचतील!"

"वाचू नये असं लिहिलंय ना?" महाराज म्हणाले. तरी त्यांनी सुरक्षेचं मूल्यमापन करायला समिती नेमली. अध्यक्ष रानडुक्कर.

समिती आली. पोहे झाले. मग अध्यक्ष भिंतीसमोर उभे राहिले. "परका कोणी दरवाजा उघडू शकतो का, ते आधी बघू." त्यांनी भिंतीवरचं वाचत वाचत मोबाइलवर बोटं दाबली.

दरवाजा उघडला.

"अहो, बंद करा! माझी अंडी!"

"थांबा हो बाई. बंद करायचा पासवर्ड वेगळा आहे. तो खरंच गुप्त आहे."

टिटवी किंचाळत सुटली. कासवबुवा सवयीनं अजून चाकाजवळच बसत. दात नव्हते, तरी दातओठ खात त्यांनी गंजलेलं चाक फिरवलं. पाणी अंड्यांपासून वीतभर अंतरावर थांबलं.

दुसऱ्या दिवशी अहवाल आला. 'यंत्रणा पूर्ण सुरक्षित. त्रुटी दोनच. जुन्या चाकानं पासवर्डशिवाय दरवाजा बंद करता येतो, सबब चाक ताबडतोब काढावं. तसंच टिटवीच्या ओरडण्यानं अपशकुन होऊन पाणी वाढलं, सबब तिनं ओरडू नये.'

चाक त्याच दुपारी निघालं.

"बुवा, आता पाणी आलं तर?" टिटवीनं कुजबुजत विचारलं.

"पिल्लांना पोहायला शिकव, पोरी."

"अजून अंड्यात आहेत हो ती!"

"म्हणूनच सांगतो, आजच सुरू कर."

तात्पर्य : धरण सुरक्षित ठेवायचं असेल, तर ते वाचवणाऱ्यांपासून आधी जपावं.