तात्यांच्या हयातीत गेलेली मिशी

“...धाकूतात्या वारले हो! सकाळीच. आणि शेवटी म्हणे...”

एवढंच ऐकू आलं आणि लिफ्टचं दार लागलं. पुढची बातमी आमच्या सोसायटीतल्या रंभाताईंच्या आवाजासकट वर निघून गेली. मी खाली दुधाची पिशवी हातात धरून उभा.

आता अर्धवट बातम्यांची मला सवय आहे. (उरलेली अर्धी मी मनाने भरतो. शेजारधर्म म्हणून.) पण धाकूतात्या म्हणजे माझे वडील. डोंबिवलीला दादाकडे असतात. काल संध्याकाळीच फोनवर ते माझ्याशी बोंबलांच्या भावावरून भांडलेले. असा माणूस सकाळी वारतो कसा? आणि मला सोडून रंभाताईंना आधी कळतं कसं?

मग माझा हात सहज वरच्या ओठावर गेला आणि सगळा उलगडा झाला. ओठ रिकामा होता.

झालं होतं असं. आमच्या कळव्याच्या बिल्डिंगमध्ये आमच्या भिंतीला लागून रत्नदीप आणि प्रियांका राहतात. पोरगा बँकेत चांगल्या पोस्टवर आहे. हल्ली रविवारी सकाळी त्याच्याकडून एक आवाज यायचा. चट्... पट्... चट्... पट्. शुभदा, म्हणजे आमची बायको, म्हणायची, “व्यायाम करत असेल, तुम्हाला काय?” पण मला तो आवाज ओळखीचा होता. खाडीकाठच्या आमच्या जुन्या घरात तो दर रविवारी व्हायचा. तात्या खिडकीच्या गजाला चामड्याचा पट्टा अडकवायचे आणि त्यावर वस्तरा परजायचे. पितळेच्या वाटीत साबणाचा फेस, खिळ्याला आरसा, बाजूला तुरटीचा खडा. आम्ही दोघं भाऊ उंबऱ्यावर बसून बघायचो. तेवढा वेळ तात्या कोणाला ओरडायचे नाहीत. म्हणून तर बघायला जायचो.

तर आज सकाळी मी ठरवलं, नुसतं विचारून यायचं. एक मिनिट. आत बसायचंसुद्धा नाही.

दार रत्नदीपनेच उघडलं. तोंडाला फेस, हातात खरा खरा वस्तरा.

“काय रे हे? एवढा पगार घेतोस आणि ब्लेड परवडत नाही?”

“काका, या ना. तुम्हाला म्हणून सांगतो. हातात वस्तरा असला की कोणी काही विचारत नाही. मॅनेजरचा फोन आला तरी प्रियांका सांगते, दाढी करतोय, बोलला तर कापेल.”

“एवढ्यासाठी?”

“सुरुवात एवढ्यासाठीच केलेली. पण आता आवडायला लागलंय. वस्तरा गालावर असताना दुसरा विचारच येत नाही हो. नाहीतर डोकं सारखं चालूच.”

मला एकदम तात्यांचा तो रविवारचा चेहरा आठवला. घर, होडी, उधारी, सगळं बाजूला ठेवून आरशात बघणारा. पन्नाशी उलटल्यावर मला कळलं की ते दाढी करत नव्हते, सुट्टी घेत होते.

इथे मी उठून यायला हवं होतं. पण रत्नदीप म्हणाला, “काका, करून बघणार? दुसरा आहे, नवा. शिकवतो मी.”

“कोळ्याच्या पोराला तू धार शिकवतोस?” मी म्हणालो. (मी आयुष्यात वस्तरा फक्त बघितलेला. धारेशी माझा संबंध कोयत्याने नारळ सोलण्यापुरता, आणि तोही शेवटी शुभदा सोलते.)

पण खरं सांगतो, पट्ट्यावर चट्पट् केलं आणि गालावर पहिला हात फिरवला तेव्हा अंगावर काटा आला. तोच बारीक खर्र आवाज. दोन्ही गाल निभावले. हनुवटीसुद्धा निभावली. मिशीची कड सरळ करायला घेतली आणि भिंतीपलीकडून शुभदा ओरडली, “अहो, पोहे गार होतायत!”

तीस वर्षांची सवय. मी “आलो!” म्हणालो. त्या ‘आलो’मध्ये डावी मिशी अर्धी गेली.

मग सारखी दिसावी म्हणून उजवी कमी केली. मग उजवी जास्त कमी झाली म्हणून डावी. असं करत करत नाकाखाली जे उरलं ते ठेवण्यापेक्षा काढलेलं बरं, असं आमच्या दोघांचं मत पडलं.

“काका, तरुण दिसताय,” रत्नदीप म्हणाला. बघत मात्र तुरटीकडे होता.

शुभदाच्या तोंडासमोर जायची हिंमत नव्हती, म्हणून थेट दूध आणायला खाली गेलो. जिन्यात रंभाताई. माझ्याकडे बघितलं आणि त्यांनी डोक्यावर पदर घेतला.

“अगं बाई! कधी?”

“आत्ताच, सकाळी.”

“अचानक?”

“अगदीच. ध्यानीमनी नव्हतं.”

“जवळ कोण होतं?”

“रत्नदीप होता. त्याने खूप प्रयत्न केला हो, पण मग म्हणाला, आता ठेवण्यात अर्थ नाही.”

रंभाताईंनी डोळे पुसले. मला वाटलं, माझ्या मिशीवर एवढं प्रेम! मीही जरा भावुक झालो.

आता आमच्यात बाप असेपर्यंत मिशीला कोणी वस्तरा लावत नाही. बाप गेला की मगच मुलगा मिशी काढतो. हे मला माहीत होतं. फक्त फेस लावलेला असताना आठवलं नाही.

घरी आलो तर शुभदाला सांगायची गरजच पडली नाही. तिच्या हातात मोबाईल होता. सोसायटीच्या ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आली होती. तात्यांचा फोटो कोणाकडे नसल्याने पणती आणि कमळ टाकलेलं. खाली बावीस हात जोडलेले.

तिने मोबाईलवरून मान वर केली, मला बघितलं आणि खुर्चीत बसली.

“तात्या धडधाकट आहेत, आणि तुम्ही मिशी काढलीत?”

“अगं, पोह्यांमुळे...”

“पोह्यांवर ढकलू नका! आणि हा मेसेज, पूर्वी आपल्या बिल्डिंगमध्ये राहायची ना, त्या प्राप्तीने पुढे पाठवलाय. ती आता कुठे राहते माहितीये? दादाभावजींच्या वरच्या मजल्यावर!”

तात्यांचं हृदय नाजूक. डॉक्टरांनी बजावलेलं, धक्का बसेल असं काही सांगू नका. स्वतःच्याच मरणाची बातमी ही त्यात येत असावी. दादाला फोन लावला, एंगेज. पुन्हा लावला, एंगेज. एवढ्यात बेल वाजली. दारात चौथ्या मजल्यावरच्या क्षिप्राताई, हातात झाकलेलं पातेलं. पिठलं-भात होता.

“घ्या, ठेवून घ्या,” शुभदा माझ्या कानाशी कुजबुजली, “आणि तुम्ही आधी निघा.”

आता पंचाईत बघा. गेलो नाही तर तात्या बातमीने जाणार. गेलो तर हा चेहरा बघून. जिवंत बापासमोर मिशी काढून उभं राहायचं म्हणजे अपशकुनाची हद्द. शेवटी कपाटातून करोनातला जुना मास्क काढला आणि रिक्षात बसलो. शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये मी जितक्या देवांना नारळ बोललो, तितकी झाडं आमच्या वाडीतसुद्धा नव्हती.

दादाच्या दाराबाहेर चपलांचा ढीग. भिंतीला धरून आत गेलो.

तात्या खिडकीपाशी खुर्चीत बसून चहा पीत होते. भोवती सांत्वनाला आलेले लोक, तेही चहा पीत होते. कोणीतरी आणलेला झेंडूचा हार कोणाला परत नेववेना, तो दादाच्या मुलाने टीव्हीवर ठेवलेला.

“आला काय?” तात्या म्हणाले. “तोंडाला काय बांधलंय?”

“सर्दी.”

“काढ.”

काढला. सगळ्यांचे कप हवेत थांबले. वहिनींनी डोळे मिटले.

तात्यांनी मला जवळ बोलावलं, खाली बसवलं आणि हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे वळवलं.

“वस्तऱ्याने केलीस?”

“हो.”

त्यांनी अंगठा माझ्या गालावरून सावकाश फिरवला. खालून वर, मग कानापर्यंत. तो अंगठा आता थरथरतो, म्हणून दादा त्यांची दाढी मशीनने करतो. लहानपणी तापात हात लावला असेल, त्यानंतर तात्यांचा हात माझ्या गालाला आजच लागत होता.

“गाल बरे झालेत,” ते म्हणाले. “पुढच्या रविवारी तो वस्तरा घेऊन ये. माझी कर.”

तेवढ्यात प्राप्ती पुढे आली.

“सॉरी हं हिराजीमामा. पण मेसेजच असा होता. शेवटी म्हणे धाकट्याचंच नाव तोंडात होतं.”

म्हणजे लिफ्टमध्ये राहिलेली अर्धी बातमी ही होती! मी भरल्या डोळ्यांनी दादाकडे बघितलं.

“तेवढं खरं आहे,” दादा म्हणाला. “बातमी कळल्यापासून तुझंच नाव चाललंय. दुसरा शब्द नाही.”

“खरंच?”

“म्हणजे, नावाच्या आधी होते शब्द. पण बायका बसल्यात, नंतर सांगतो.”

नंतर जिन्यात सांगितले त्याने. खाडीवर वाढलेला माणूस मी, पण त्यांतले काही मलाही नवीन होते.