ईश्वररावांची सरासरी

ईश्वररावांनी ठरवलं ते एवढंच, की लेकीच्या मुलाखतीला आपण सोबत जायचं. (सोबत म्हणजे बाहेरच्या बाकड्यापर्यंत, असं बायकोने, म्हणजे अनसूयाबाईंनी, बजावलं होतं.)

रसिकाला एम.एस्सी.ला स्टॅटिस्टिक्सच हवं होतं. दुसरं काही नको म्हणून पोरगी हट्टालाच पेटली होती. पण अट साठ टक्क्यांची, आणि हिला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी नेमकी कावीळ झालेली. एकूण पडले अठ्ठावन्न.

"अठ्ठावन्न कसले? बासष्ट आहेत!" ईश्वरराव गरजले. अकाउंट्समध्ये जन्म काढलेला माणूस! पहिल्या वर्षी चौऱ्याहत्तर, दुसऱ्या वर्षी अठ्ठावन्न, तिसऱ्या वर्षी चोपन्न. करा बेरीज, भागा तीनने. रसिका "अहो बाबा, तसं नसतं" म्हणत राहिली, तोवर ह्यांनी अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटूनसुद्धा टाकले.

"ॲडमिशन हो गया क्या?" शेजारच्या हंसाबेननी विचारलं.

"हो गया समझो!"

मुलाखतीच्या दिवशी आतून विभागप्रमुखांचा आवाज आला, "अठ्ठावन्न? मग कठीण आहे." झालं! ईश्वरराव दार ढकलून आत.

"बासष्ट, सर!" आणि उभ्याउभ्या सगळा हिशेब मांडून मोकळे.

सरांनी चष्मा काढला. "काय गं, वडील बरोबर सांगतायत?"

रसिकाने हो म्हणावं तर साधी सरासरीही येत नाही म्हणून स्टॅटिस्टिक्स हातचं जाणार, नाही म्हणावं तर बाबांची अब्रू. तिने बाबांकडे बघायचंच टाळलं.

"नाही, सर. पहिल्या वर्षाचे पेपर दोनशे मार्कांचे, तिसऱ्याचे आठशे. आमच्या मीरा रोडला नळाचं गोड पाणी येतं बादलीभर आणि टँकरचं मचूळ येतं टाकीभर. दोन्ही एकत्र केलं तर चव निम्मी-निम्मी लागत नाही, मचूळच लागते. बाबा बादली आणि टँकर एकाच मापाने मोजतायत."

सर खो खो हसत सुटले. "दोन टक्क्यांची सूट माझ्या हातात असते. ती तुला दिली, जा!"

घरी ईश्वररावांची कॉलर ताठ. "मी आत घुसलो म्हणून झालं!" (आता ह्यात खोटं तरी काय होतं?)

कॉलेज सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात रसिका धावत घरी आली. "बाबा, आज सरांनी वर्गात तुमची सरासरी शिकवली. अगदी नावानिशी!"

ईश्वररावांना भरूनच आलं. "म्हणजे परीक्षेला येणार म्हण की!"

"येणार ना. 'चूक शोधा'मध्ये."