तिसरी तार

तळ्याकाठच्या सौनाच्या, म्हणजे वाफेने घाम काढायच्या खोलीच्या, लाकडी भिंतीतून दोनच तारा बाहेर येत होत्या, एक निळी, एक काळी. तिसरीसाठी भोक पाडावं लागलं नाही, याचा मला केवढा अभिमान!

"आतला सर्किट बोर्ड तापमान कळवणार, स्वयंपाकघरातला ऐकून भट्टी चालू-बंद करणार," मी उर्होला सांगितलं.

"ठेका द्यायला एक तार टाक ना. म्हणजे दोघं एका तालात चालतील."

"गरजच नाही! आधी 'ऐक' असा इशारा जातो. मग दोघं आपापल्या घड्याळावर मोजतात."

"आणि इशारा आलाच नाही तर?"

"ऐकणारा वाट बघतो."

"किती?"

"कितीही."

"ओळखीचं वाटतंय," उर्हो म्हणाला. चार वर्षांपूर्वी याच सौनात त्याने मला लग्नाचं विचारलं होतं. मी म्हटलं होतं, "विचार करते."

शनिवारी त्याची आई आली. पंचाहत्तरावा वाढदिवस! जिला सौना तापवता येत नाही तिला काहीच येत नाही, असं हेल्वीकाकूंचं ठाम मत. माझ्याबद्दलचं त्यांचं मत आज मला बदलायचं होतं.

काकू आत गेल्या. स्वयंपाकघरातल्या बोर्डावरचा आकडा ऐंशीवर होता. मग झाला चौदा. मग दोनशे बारा. मग उणे एकतीस! जूनमध्ये! बिचारी भट्टी जीव तोडून तापत राहिली.

"आई आत आहे," उर्हो म्हणाला.

"माहितेय मला!" मी मेन स्विच पाडला आणि धावले.

भिंतीवरच्या जुन्या तापमापकाचा काटा एकशे अठरावर. भट्टीवर भाजायला ठेवलेल्या सॉसेजचा कोळसा. वरच्या बाकावर काकू, उकडलेल्या बिटासारख्या.

"काकू, बाहेर या!"

"का? वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी नीट तापवलाय! भट्टीवर पाणी टाक अजून, वाफ येऊ दे."

शेवटी त्या आपणहून उठल्या आणि तडक तळ्यात शिरल्या.

उर्होने आतला बोर्ड फुंकर मारत हातात घेतला. "उष्णतेने याचं घड्याळ भरकटलं. तू चाचणी कधी घेतलीस?"

"शुक्रवारी."

"सौना तापवून?"

"थंडच होता," मी म्हटलं.

"काय झालं रे?" गळ्याएवढ्या पाण्यातून काकू ओरडल्या.

"दोघं आपापल्या घड्याळावर मोजत बसले, आई!"

"तुमच्यासारखेच की!"

उर्होने ड्रिल उचललं.

"पाड तिसरं भोक," मी म्हटलं. ड्रिल घरघरायला लागलं. तेवढ्या आवाजात बोलणं सोपं वाटलं, म्हणून हळूच म्हटलं, "आणि उर्हो, हो."

"काय?"

"हो म्हणतेय!"

"ऐकू येत नाही!"

"लग्न करू या!" मी किंचाळले. नेमकं तेव्हाच त्याने ड्रिल बंद केलं होतं. पलीकडच्या काठावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या.